येसू आणि एका दिवसाने चुकलेली आवस

येसू तांदूळ निवडायला बसली की आधी सूप पुसायची, मग समोरची जमीन हाताने साफ करायची, मग पुन्हा सूप पुसायची. एवढं झाल्याशिवाय ती एका दाण्याला हात लावत नसे. पण एकदा बसली की चार बायांचं काम एकटी उरकायची. खडे वेगळे, तूस वेगळं, कणी वेगळी. कणीतसुद्धा जाड आणि बारीक असे दोन ढीग. हे दोन ढीग करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा ते एकत्र केले, तर माझ्याकडे न बघता तिने ते पुन्हा वेगळे करायला घेतले. पाऊण तास लागला तिला. तेव्हापासून मी तिच्या ढिगांच्या वाटेला गेले नाही.

ही गोष्ट टाकवे बुद्रुकची. एकोणीसशे बासष्ट साली आम्ही तिथे बिऱ्हाड केलं. माझे यजमान माधवराव तिथल्या शाळेवर मास्तर होते. माझं माहेर तळेगावचं, शिक्षण मराठी सातवीपर्यंत. लोणावळ्यात माझ्या मावशीची खानावळ होती. मुंबईची माणसं लोणावळ्याला हवापालटाला यायची, मावशीकडे जेवायची, आणि त्यांना मावळातला आंबेमोहोर स्वच्छ निवडलेला लागायचा. ते निवडण मी माझ्या पडवीत करून घेत असे. वाडीवरच्या चार-पाच बाया यायच्या. त्यांतली एक भागूबाई, आणि तिच्या पदराचं टोक धरून मागोमाग येणारी तिची सव्वीस वर्षांची लेक येसू.

येसू दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलायची. कोणाच्या डोळ्यांत बघायची नाही. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायची, तेही अर्धं. पण तिचं सगळ्यांकडे लक्ष असे. शालूबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती, ती रोज नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायची. एके दिवशी तिने सुरुवात केली आणि येसू सूप न थांबवता म्हणाली, "ह्ये काल झालं."

बाया हसून लोळल्या. शालूबाईलाही हसू आवरेना. "काय गं बये, मोजत बसतीस व्हय? आता तुज्यासाटी नवा नवरा आनू का मी?"

अशा माणसांना आता स्वमग्न म्हणतात, असं मी अलीकडे वाचलं. तेव्हा तो शब्द मला ठाऊक नव्हता. आजही तो मला येसूला पुरता बसत नाही असं वाटतं. ती स्वतःत मग्न कुठे होती? ती आमच्यापेक्षा जास्त बाहेर होती. बाहेरचं सगळं तिच्या अंगावर येत होतं. वाडीवर तिला साधी म्हणत, खुळी म्हणत, आणि तिच्या वाईट दिवसांना मात्र सगळ्यांकडे एकच नाव होतं. आवस.

वाईट दिवशी ती सुपातले तांदूळ उधळायची. दोन्ही तळहात कानांवर दाबून डोकं भिंतीला घासायची. चोळी ओढून फाडायला बघायची, जसं काही अंगाला कुसळं टोचताहेत. कोणी हात लावला की किंचाळायची. आणि स्वतः मात्र माझी धान्याची कणगी आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत घुसून अंग गच्च चेपून घ्यायची. दोन-तीन तासांनी ओसरलं की तिथेच झोपायची.

"आवस जवळ हाय न्हवं," भागूबाई म्हणायची.

जवळ म्हणजे किती, याला माप नव्हतं. चार दिवस आधी असो की पाच दिवस नंतर, ती आवसच. फारच लांब पडली तर मग पुनव. असं धरलं की महिन्यातला एकही दिवस सुटत नाही, पण हे माझ्याही ध्यानात यायला बराच काळ गेला.

दर महिन्याला भागूबाई मला विचारायची, "मास्तरीणबाई, आवस कवा हाय वं?" मी पंचांगात बघून वार सांगायची. त्या दिवशी मायलेकी कामाला येत नसत. मला त्याचं नवल वाटलं नाही. आवसेला औत न धरणारी घरं मावळात पुष्कळ. मला वाटे, यांचाही असाच काही नेम असेल.

मला कोडं पडलं ते पावसाळ्यात. आषाढात सलग नऊ दिवस पाऊस लागला होता. घरात मीठ वितळून बरणीत पाणी झालं. दाराच्या फळ्या फुगून दार लागेना. माधवराव ओल्या सदऱ्यावरून माझ्यावर चिडत होते, आणि शालूबाई सुपाशी भांडत होती, कारण दमट तांदूळ पाखडताना उडत नाहीत, सुपाला चिकटून बसतात. एवढ्या सगळ्यांत एकटी येसू शांत. ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होती. एके सकाळी तर धुकं पडवीत शिरलं, शेजारचं माणूस दिसेना, तेव्हा ती खुदकन हसलेली मी ऐकली.

मग श्रावण लागला. श्रावण माझा आवडता महिना. सोमवार, शुक्रवार, पूजा, पुरण. घटकेत ऊन, घटकेत सर, सगळं रान धुतल्यासारखं. आणि त्या एका महिन्यात येसूचे अकरा दिवस वाईट गेले.

मी विचारात पडले. म्हणजे हिला पाऊस नको आहे असं नाही. ऊनही चालतं. एकातून दुसऱ्यात जाणं सोसत नाही. मला ते खरं वाटेना, म्हणून मी एक केलं. वाईट दिवस आला की पंचांगात त्या तिथीशेजारी काजळाचा ठिपका द्यायचा, आणि त्या दिवशी आभाळ कसं होतं ते समासात लिहायचं.

माधवरावांनी ते पाहिलं. "हे काय? पंचांगाला दृष्ट लागू नये म्हणून का?"

मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी शाळेतून बारीक टोकाची पेन्सिल घेऊन आले. "समास पुरायचा नाही तुम्हाला. बारीक लिहा."

ठिपके वाढत गेले तसे माझे प्रश्नही वाढले. खंडाळ्याचा घाट चढताना माझे कान दडपतात. हिला तसं बसल्या जागी होत असेल का? की कातडीला काही कळतं? की वास? एकदा बऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "येसू, त्या दिवशी कान दुखत होते का गं?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तांदळाकडे बघत, म्हणाली, "कान भरत्यात. सांडत न्हाईत."

मी ते वाक्य समासात लिहून ठेवलं.

बायांनी याचा वेगळाच उपयोग काढला. येसूने सूप भिरकावलं की शालूबाई ओरडायची, "वाळवण उचला गं, येसू बोलली!" मला ते आवडत नसे. ठणकणाऱ्या गुडघ्याला कोणी ज्योतिषी म्हणत नाही. तो आपला दुखतो.

दसऱ्यापर्यंत ठिपके पंधराच्या वर गेले. एके संध्याकाळी दिवा लावून मी ते नीट पाहिले, तेव्हा एक गोष्ट खटकली. नेमका आवसेवर एकही ठिपका नव्हता. साहजिकच होतं, त्या दिवशी ती माझ्याकडे नसेच. मी भागूबाईला विचारलं, "आवसेला घरी कशी असते?"

"लय वंगाळ. इचारू नका."

"दर आवसेला?"

"एक चुकत न्हाई."

हे मला पटेना. इतर दिवशी आभाळाप्रमाणे वागणारी मुलगी आवसेला आभाळ विसरते कशी? माघातल्या कोरड्या आवसेलाही तेच?

उत्तर मला तिच्या मनगटांवर दिसलं. आश्विनातल्या आवसेनंतर ती आली, बाही वर सरकली होती, आणि दोन्ही मनगटांना वळ होते. जुन्या वळांवर नवे. मी भागूबाईला आत चुलीपाशी नेलं.

तिने काही लपवलं नाही. तीन वर्षांपूर्वी, ज्येष्ठातल्या आवसेला, येसू घरातून निघाली ती थेट नदीत शिरली. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली सापडली. तिच्या भावाने, गेणूने, ओढून बाहेर काढली. तेव्हापासून आवसेला उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तिला घरातल्या मेढीला, म्हणजे मधल्या लाकडी खांबाला, दोराने बांधायचे.

"पोटची पोर हाय, बाई. मला काय हौस हाय? पर बांदली तर निदान राहील तरी. आवसेनं वढून न्हेली मंजी?"

मला तिच्यावर रागावता येईना. पण त्या रात्री देवापुढे हात जोडताना एक गोष्ट मनातून जाईना. कोणत्या दिवशी बांधायचं, ते त्यांना दर महिन्याला मी सांगत होते.

कार्तिकात भागूबाईने नेहमीप्रमाणे विचारलं. माझे हात पिठात होते. दोन दिवसांपूर्वी पंचांग पाहिलेलं होतं, त्या आठवणीवर मी सांगून टाकलं, "बुधवारी." बुधवारी मायलेकी आल्या नाहीत. गुरुवारी आल्या. येसूची मनगटं सोललेली होती. ती बसली, सूप पुसलं, आणि दुपारपर्यंत दोन पायल्या तांदूळ निवडून मोकळी झाली. आभाळ दोन्ही दिवस स्वच्छ, निळं, थंडीचं.

दुपारी मी पंचांग उघडलं. त्या पक्षात त्रयोदशी दोन दिवस आली होती. मी ती एकदाच मोजली होती. आवस काल नव्हतीच. आवस आज होती.

मी पडवीत पाहिलं. आज, खऱ्या आवसेला, येसू भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा सोलून खात होती.

"काल कशी होती गं ही?" मी भागूबाईला हळूच विचारलं.

"काय सांगू? भुईवर डोस्कं आपटलं. नेहमीवानीच."

आवस नाही, वारा नाही, ढग नाही. काल तिथे होता तो फक्त दोर.

एक सोपी वाट माझ्यासमोर होती. मी गप्प बसले असते, आणि पुढे दर महिन्याला भलताच दिवस सांगत राहिले असते, तर काय झालं असतं? खऱ्या आवसेला ती माझ्याकडे मोकळी राहिली असती. पण भलत्या दिवशीही दोर सुटत नव्हताच. आणि शिवाय मी एकादशी-चतुर्थी करणारी बाई. तिथी खोटी सांगायला माझी जीभ वळणार नव्हती. मी भागूबाईला समोर बसवलं आणि माझी चूक सांगितली.

ती म्हणाली, "मंजी चूक तुमची, आन् हात सोललं माज्या लेकीचं?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आन् आवस आज हाय?"

"आज."

तिने येसूकडे पाहिलं. येसू शेंगांची टरफलं लहान-मोठी अशी वेगळी लावत होती. भागूबाईने बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं, मधेच सोडून दिलं आणि पदराने तोंड पुसलं. "गेणूला काय सांगू मी?" ती म्हणाली.

गेणू दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. उंच, काटक, शब्दाला पक्का माणूस. तो पडवीच्या पायरीवर बसला, वर आला नाही.

"मास्तरीणबाई, तिला पान्यातनं मी काडलीया. तुमी बगितलं न्हाई ते. ती वरडत व्हती, मला चावली. त्यो दिस माज्या डोळ्यांपुडनं जात न्हाई."

"गेणूभाऊ, एक आवस. बांधू नका. माझ्या पडवीत राहील, तुम्ही समोर बसा."

तो कबूल झाला, पण उठताना म्हणाला, "नदीला गेली तर मी परत बांदनार. मंग आवस असू दे न्हाईतर दसरा. तवा मला पंचांग दावू नका."

मार्गशीर्षातली आवस आली. गेणू सकाळपासून पायरीवर बसून विड्या ओढत होता. येसूने तांदूळ निवडले, भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी शालूबाईला एवढंच म्हणाली, "तुमची गोष्ट ऱ्हायली." गेणू विडी विझवून घरी गेला. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, आणखी चार आवसा बिनदोराच्या गेल्या. मीही निर्धास्त झाले होते, आणि तीच माझी चूक. कारण गेणूची अट आवसेची नव्हतीच, नदीची होती.

वैशाखातल्या एका सकाळी हवा अशी कोंदली की पिंपळाचं पान हलेना. तिथी होती पंचमी. येसू आली, पण बसली नाही. दोन फेऱ्या मारल्या, कानांवर हात ठेवले, आणि पायऱ्या उतरून चालू लागली. पळत नव्हती. बाजाराला निघालेल्या बाईसारखी सरळ चालत होती, नदीच्या रोखाने.

"गेणूला बोलवा गं कुनी!" शालूबाई धावली. मी आणि भागूबाई येसूच्या मागे.

उन्हाळ्याची नदी ती, धारेला घोटाभर पाणी. पण धुण्याच्या दगडांखाली एक लहानसा डोह होता. येसू लुगड्यानिशी त्यात उतरली. पाय चाचपत एका दगडाशी गेली, खाली बसली, आणि पाणी गळ्याशी आलं तशी मागे रेलली. कान पाण्यात, तोंड वर. कानांवरचे तिचे हात सुटले आणि पाण्यावर सैल तरंगायला लागले.

भागूबाई ओरडणार होती. मी तिचा दंड धरला. "तिचं तोंड बघा आधी."

येसूचे डोळे मिटलेले होते. कपाळावर एक आठी नव्हती.

तेवढ्यात गेणू आला. हातात दोर. धोतर खोचून तो पाण्यात उतरणार, तोच भागूबाई आडवी झाली.

"थांब जरा."

"आये, बुडंल ती!"

"बसलीया ती. बुडतीया कुटं? मी ऱ्हाते जवळ." आणि ती म्हातारी खरंच पाण्यात उतरून लेकीशेजारी बसली. लुगडं फुगून वर आलं, ते तिने दोन्ही हातांनी खाली दाबलं. "गेणू, एक इचारते, खरं सांग. त्या दिशी ती वरडत व्हती. तू धरायच्या आदी, का धरल्यावर?"

गेणू काठावर उभा राहिला. मग आमच्याकडे नाही, येसूकडे बघत म्हणाला, "धरल्यावर."

अर्धा-पाऊण तास आम्ही तसेच होतो, दोघी पाण्यात, दोघं काठावर. मग खंडाळ्याच्या बाजूने गार वारा सुटला, धूळ उठली, आणि टपोरे चार थेंब पडले. येसू आपली आपण उठली, काठावर आली, लुगड्याचा पदर पिळला. "झालं," ती म्हणाली आणि घरच्या वाटेला लागली. भागूबाईला मात्र ओल्या लुगड्याच्या भाराने उठवेना. गेणूने आणि मी दोन्ही काखांत हात घालून तिला बाहेर काढलं, आणि तेवढ्यातही ती आम्हालाच ओरडत होती, "हळू वढा गं बायांनो, मी काय म्हस हाय?" गेणूलाही ती बायांतच धरून चालली होती.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्या डोहात उतरून पाहिलं. भर दुपारी, कोणी नाही असं बघून. कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज एकदम तुटला. पाणी चहूकडून अंगाला सारखं दाबत होतं. तळाचे गोटे एकमेकांवर घासल्याची बारीक करकर ऐकू येत होती, आणि छातीतले ठोके. मला बरं वाटलं. पण माझे कान मुळात भरलेले नव्हते, तेव्हा तिला तिथे नेमकं काय मिळत होतं ते मला कळलं असं मी म्हणणार नाही.

मी हे भागूबाईला सांगत होते त्या संध्याकाळी गेणू पायरीवर होता. तो आता अधूनमधून येऊन बसत असे. येसू आत कणगीशी काम करत होती. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, विडी कानामागे खोचली आणि वर आभाळाकडे पाहिलं.

"आषाढात नदीला पूर येतो, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "तवा हिला कुटं बसवायची, त्ये आत्ताच बगाया पायजे. आमच्याकडं भाताचं मोठं पिंप हाय, रिकामं. त्यात पानी भरून बगू का?"